डेक फोरचा बेसवाला

कुयाची बोटं कधी गप्प बसली नाहीत. पोलादपूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत उभा असला, की डाव्या हाताची बोटं छत्रीच्या दांड्यावर वरखाली पळायची आणि उजव्या हाताची दोन बोटं पोटावर ठोके धरायची. नवख्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला खाज सुटलीय. कुणी हाक मारली तर तो लगेच वळायचा नाही. आधी चाललेली ओळ पुरी करायचा, मग छत्री बगलेत मारून म्हणायचा, "हां, बोल आता. काय म्हणत व्हतास?" तोवर समोरचा आपलं काम निम्मं विसरलेला असायचा.

कुया हे काही त्याचं नाव नव्हे. फिलिपिनो लोकांत थोरल्या भावाला कुया म्हणतात, असं तो सांगायचा, आणि बोटीवरून कायमचा घरी आला तो हे नाव घेऊनच आला. खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते लिहिलं तर आमच्या पंचक्रोशीत एकालाही कळायचं नाही मी कुणाबद्दल बोलतोय. त्याच्या तेराव्याला मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यानं दारातल्या बोर्डावरचं नाव वाचून मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "हे कोण वारले? मी तर कुयाच्या तेराव्याला आलोय." तेव्हा कुयाच बरा. तोंडावर आम्ही त्याला 'अहो कुया' म्हणायचो आणि पाठ वळली की 'तो'. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा माणूस, पण 'ते आले, ते बसले' असं लिहायला लागलो तर तोच वरून ओरडेल, "कुनाबद्दल लिवतोयस रे हा?"

तरुणपणी तो प्रवासी बोटीवर लाँड्रीत कामाला होता. बोट केवढी, तर तिच्यात आख्खं महाड मावेल आणि वर पोलादपूरला उभं राहायला जागा उरेल. हे त्याचं माप, माझं नाही. लाँड्री चौथ्या डेकवर. त्या डेकला खिडकी नाही, दिवस आहे की रात्र ते कळत नाही, भिंतीला कान लावला तर पलीकडे नुसतं पाणी. कामावरची माणसं बहुतेक फिलिपिनो, आणि त्यांचा एक बँड होता. गिटारवाला स्वयंपाकघरात कांदे सोलायचा, ड्रमवाला केबिनी झाडायचा, गाणारा वेटर होता. ड्युटी संपली की चादरींच्या ढिगांमध्ये उभे राहून त्यांच्या देशातली धांगडधिंग्याची गाणी वाजवायचे. हळूहळू वरच्या मजल्यावर प्रवाशांपुढेही वाजवायला लागले. बँडचं नाव 'डेक फोर'.

त्या बँडची गंमत अशी, की त्यात पहिला माणूस एकही नव्हता. बोटीवर करार काही महिन्यांचा. करार संपला की गिटारवाला उतरायचा, दुसरा चढायचा. मग गाणारा उतरायचा. मग ड्रमवाला. कुया चढला तेव्हा बँड सुरू करणाऱ्यांपैकी कुणाला पाहिलेलाही माणूस बोटीवर नव्हता. तरी डेक फोर तोच. गाणी तीच, थांबायच्या जागा त्याच, गाण्याआधी खाकरण्याची पद्धतसुद्धा तीच. कुया हे सांगताना डोळे अर्धे मिटायचा आणि समोरचा चहा गार व्हायचा. मला ऐकताना दरवेळी वाटायचं, की बोट अजून कुठंतरी चाललीय आणि चौथ्या डेकवर कुणीतरी कुणाच्यातरी जागी उभं आहे.

माणूस बदलायची, म्हणजे त्यांच्या भाषेत 'हात बदलायची', त्यांची एक रीत होती. चालू गाण्यात बदलायचा. जाणारा वाजवतोय, येणारा मागून येऊन त्याच्या गळ्यातला पट्टा आपल्या गळ्यात घेतोय, आणि गाणं कुठं थांबत नाही. बोयेट नावाचा बेस गिटारवाला उतरायच्या दिवशी त्यानं असाच आपला बेस कुयाच्या गळ्यात अडकवला. अख्ख्या बँडमध्ये हा एकटा भारतीय. ते कुठल्या बंदरावर, हे मात्र तो दरवेळी वेगळं सांगायचा. कधी सिंगापूर, कधी बार्सिलोना, एकदा तर मस्कत. "अहो कुया, मागच्या वेळी बार्सिलोना होतं," असं म्हटलं की तो शांतपणे म्हणायचा, "बोट हाय रे ती, जागेवर राहते काय?"

मी एकदा विचारलं होतं, चालू गाण्यात कशासाठी? गाणं संपल्यावर सावकाश बदलावं. कुयानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "गाना थांबला की मानूस गेलेला दिसतो. चालू असला की नाय दिसत. ज्याला जायचंय त्याला पन बरं, ऱ्हायलेल्यांना पन बरं."

घरी आल्यावर त्यानं बेंजो पार्टी काढली. आमच्याकडं हळद म्हटली की बेंजो पार्टी आलीच. टेम्पोवर जनरेटर, दोन मोठे स्पीकर, ढोल, ताशे, ढोलकी, आणि सगळ्यांच्या पुढं बेंजो, म्हणजे बटणं दाबून तारा छेडायच्या. सूर तो धरतो, बाकीचे ठोकतात, आणि पावणेमंडळी घाम निघेपर्यंत नाचते. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा गावानं देवाचं नाव सुचवलं. कुया ऐकेना. शेवटी तडजोड झाली आणि टेम्पोवर रंगवलं गेलं, 'श्री डेक फोर बेंजो पार्टी, पोलादपूर'. आणि त्यात तो स्वतः उभा राहायचा बेस गिटार घेऊन. बेंजो पार्टीत बेस! आख्ख्या रायगडात असं ध्यान दुसरं नव्हतं.

रीत त्यानं बोटीवरचीच ठेवली. आमच्याकडं माणसं बदलायला बोट लागत नाही, मुंबई पुरते. पोरगा ढोलकीवर जरा तयार झाला की त्याला मॉलमध्ये नोकरी लागते. मी बेंजोवर आलो तो असाच, माझ्या आधीचा आखाताला जायला निघाला तेव्हा, उमरठच्या एका हळदीत, चालू गाण्यात. त्याच्या घामानं बटणं ओली होती आणि माझी बोटं घसरत होती. टी-शर्टसुद्धा त्याचाच मिळाला. टी-शर्टवर माणसाचं नाव नाही, वाद्याचं. माणूस गेला तरी शर्ट पार्टीतच राहायचा, मग येणाऱ्याला तो होवो न होवो. पांडूसारख्या धिप्पाड ढोलकीवाल्यानंतर जो काडीपैलवान आला, तो वर्षभर ढोलकी वाजवतोय की तंबू धरून उभा आहे ते कळत नव्हतं.

उतरलेल्या माणसानं काय करायचं हेही ठरलेलं होतं. त्यानं मागं उभं राहून बघत बसायचं नाही. सरळ पाहुण्यांत जाऊन बसायचं आणि जेवायचं. पांडू उतरला तेव्हा एवढा मोठा गडी, टेम्पोला धरून हमसून हमसून रडत होता. कुयानं बेस वाजवता वाजवताच त्याला मानेनं मांडव दाखवला. "जा, जेव. पावना हायस तू आता."

या सगळ्यात कुयाचं एक दुखणं होतं, आणि ते पार्टीत प्रत्येकाला माहीत होतं. बेस कुणाला ऐकू येत नसे. ढोल-ताशांच्या त्या कल्लोळात ती चार जाड तारांची धुमधुम कुठं लागणार? लोकांना दिसायचं ते एवढंच, की एक माणूस भलंमोठं गिटार गळ्यात अडकवून गंभीर चेहऱ्यानं उभा आहे. एका हळदीत नवऱ्यामुलाच्या मामानं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार प्रेमानं म्हटलं, "वाजवा की वो तुमी पन, लाजताय कशाला?" कुया परतताना टेम्पोत बेस मांडीवर घेऊन आमच्याकडं पाठ करून बसला. प्रत्येक कार्यक्रमानंतर, वायरी गुंडाळताना, तो हळूच विचारायचा, "बेस आला ऐकू?" आम्ही म्हणायचो, आला की. तो मान हलवायचा. आम्ही खोटं बोलतोय हे त्याला कळायचं आणि त्याला कळलंय हे आम्हाला कळायचं. मोबाइलवर कुणी शूटिंग केलं तरी त्यात बेस येत नाही, मोबाइलच्या स्पीकरला तेवढी छातीच नसते. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, मला विचारा.

वहिनींना, म्हणजे कुयाच्या बायकोला, विचारलं तर म्हणायच्या, "मला येतो ना ऐकू. घरात भांडी हलतात. बाकी जगाला नाय आला तं सुटले म्हनावं."

पूर आला त्या वर्षी आमचं सामान महाडला बाजारपेठेतल्या एका गाळ्यात होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही शटर उचललं तर आतून चिखल बाहेर आला, चिखलाबरोबर ढोल आला. स्पीकर गेले, जनरेटर गेला, माझा बेंजो सापडला तेव्हा त्याच्या तारांत गवत होतं. बेस तेवढा वाचला, कारण तो कुया रोज घरी न्यायचा. पण ॲम्प्लिफायर नसेल तर त्या बेसचा आवाज शेजारी बसलेल्यालाही येत नाही. आम्ही म्हटलं, संपला डेक फोर. कुयानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शाळेच्या व्हरांड्यात बोलावलं आणि गोल बसवलं. म्हणाला, "तोंडानं वाजवायचं. ज्याची त्याची जागा ज्यानं त्यानं. सामान गेलंय, जागा नाय गेल्या." आणि खरोखर, सामान येईपर्यंत आम्ही थोराड बाप्ये व्हरांड्यात मांडी घालून टुंगटुंग, धडामधूम करत बसायचो. मी बेंजो व्हायचो, कुया ओठ मिटून डुम्, डुम्. बाहेर पावसाची झड, छपरावरून पाण्याचा पडदा, आणि आत सगळा बँड तोंडात. बायाबापड्या थांबून बघायच्या आणि पुरानं ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून हळहळायच्या. मला मात्र ते दिवस आठवले की आजही आत कुठंतरी गार वाटतं. त्या व्हरांड्यात पहिल्यांदाच मला कुयाचा बेस नीट ऐकू आला होता.

मग त्याचा डावा हात गेला. एका सकाळी चहाचा कप धरायला गेला तर बोटं मिटेनात. महाडच्या डॉक्टरांनी छोटा झटका म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. चालणं बोलणं शाबूत, उजवा हातही चांगला, पण डाव्या हाताची दोन बोटं काही परत आली नाहीत. बेसच्या तारा जाड, त्या दाबायला चार बोटं कमी पडतात, दोन बोटांनी काय होणार? तरी तो कार्यक्रमांना उभा राहायचा. उजव्या हातानं मोकळ्या तारा छेडायचा, डावा हात नुसता गिटारच्या मानेवर ठेवलेला. आम्हाला कळत होतं. बोलणार कोण?

बोलला राकेश, आमचा ऑक्टोपॅडवाला, विजेच्या पॅडवर काठ्या मारून हवा तो आवाज काढणारा. पोरगा चांगला, पण जिभेला ब्रेक नाही. "कुया, बेस मी पॅडमध्येच टाकतो ना. बटन दाबला की बेस. एक मानूस कमी होईल, टेम्पोत जागा पन होईल."

कुया उठून उभा राहिला. "आज मला कमी करशील. उद्या ढोलवाल्याला. परवा ह्याला." म्हणजे मला. "मग शेवटी तुजा बटनच लगीन लावील नि बटनच जेवायला बसंल!"

"मग दुसरा बेसवाला तयार करा," मी म्हटलं. "रीत तुमचीच आहे."

"माजी जागा कोन घेनार? ऐकूच येत नाय ती जागा कुनाला पायजे?" असं म्हणून तो तरातरा निघून गेला. दुसऱ्या कुणासाठी तो कधी हळवा झाला नाही, पण त्या दिवशी त्याचा आवाज फुटला होता. त्याला भीती कसली होती ते आम्हाला स्पष्ट दिसलं. आपण गेलो की आपली जागा भरायलाही कुणी येणार नाही, आणि आलं नाही तरी कुणाला कळणार नाही.

त्याच सुमारास मला तो व्हिडिओ सापडला. कुया बरीच वर्षं माझ्या मागे लागला होता, "बघ रे, आमच्या बँडचा काय सापडतंय का." मी शोधायचो आणि बोटींचे नकाशे नि फरश्यांच्या जाहिराती तेवढ्या सापडायच्या. बोट तर केव्हाच मोडीत निघाली होती. पण एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि फिलिपाइन्समधल्या कुठल्याशा गावातलं एक साधं हॉटेल पडद्यावर आलं. पत्र्याची शेड, बाहेर पाऊस, मागं नारळी. आमचंच कोकण म्हणाल. शेडखाली पाच जण वाजवत होते आणि वर कापडी फलकावर लिहिलं होतं 'डेक फोर'.

कुयाला बोलावलं. त्यानं चष्मा पुसला आणि एकेक चेहरा बघितला. ओळखीचं कुणी नाही. ड्रमवर तर एक पोरगी. बेसवाला इतका कोवळा, की कुया बोटीवर होता तेव्हा त्याचा बापही शाळेत असेल. पण गाणं सुरू झालं आणि कुयानं माझं मनगट धरलं. आमच्या पार्टीत ज्याला आम्ही बोटीचं गाणं म्हणतो, तेच. त्याचे शब्द कुयाला पाठ होते, अर्थ मात्र विचाराल तेव्हा वेगळा. कधी ते आईचं गाणं असायचं, कधी भाताचं, कधी घरी न गेलेल्या माणसाचं.

"बोटं बघ त्याची," कुया कुजबुजला. "आता बघ. दुसरा अंतरा."

दुसऱ्या अंतऱ्यात एका जागी त्या पोराची बोटं एक ठोका थांबली. गाणं पुढं गेलं, बोटं पुन्हा सुरू झाली.

"हा माजा खड्डा हाय," कुया म्हणाला. "बोयेट हितं सरळ वाजवायचा. तेनं पट्टा माज्या गळ्यात घातला तवा ह्याच जागेवर माजा ठोका चुकला. मंग मी तसाच वाजवत ऱ्हायलो, आनि मागनं आलेल्याला तसाच शिकवला. तेनं त्याच्या मागच्याला." मुंबई-गोवा रस्त्यावर एवढे खड्डे, पण त्यातला एक तरी कुणी छाती ठोकून आपला म्हणतो का? कुया त्या एका खड्ड्यासाठी माझ्या दुकानात स्टुलावर बसून लहान पोरासारखा हसत होता, आणि व्हिडिओ संपला की पुन्हा लावायला सांगत होता. जाताना पायरीवर थांबला. म्हणाला, "हात बदलायचा आता माजा. मानूस बघतो."

माणूस त्यानं बघितला तो असा, की आम्ही कपाळाला हात लावला. सुषमा. महाड डेपोची कंडक्टर, पोलादपूरजवळच्या बौद्धवाडीतली, बत्तीस-तेहतीसची असेल. आवाज खणखणीत, भीमगीतांच्या पार्टीत कोरसला असायची. तिची नि कुयाची ओळख झाली ती भांडणातून. तो एकदा गाडीत शेजारच्या सीटवर बेस ठेवून बसला होता आणि गर्दी होती.

"आजोबा, सामान खाली ठेवा."

"सामान नाय ते."

"मग काय मानूस हाय?"

"मानूस हाय."

"मग त्याचं तिकीट काढा," सुषमा म्हणाली, आणि टराटरा तिकीट फाडून हातात दिलं. ज्येष्ठ नागरिक म्हणून कुयाचं हाफ आणि गिटारचं फुल. कुया त्या दिवशी इतका खूश होता, की ते तिकीट त्यानं आम्हा प्रत्येकाला दाखवलं. आता म्हणाला, "जिनं ह्याला मानूस धरला, तिलाच देनार."

सुषमानं हात जोडले. "कुया, मला ड्युटी हाय, सासू हाय, पोरगं हाय. तुमचं गिटार शिकू कवा?"

"ड्युटीवर शिक. मी येतो गाडीत."

आणि तो जायला लागला. पोलादपूरहून महाबळेश्वरची गाडी आंबेनळी घाटातनं वर जाते, तीत पुढच्या सीटवर कुया. दाराजवळच्या उभ्या दांड्यावर त्यानं तंबाखूच्या डबीतला चुना बोटाला लावून खुणा केल्या होत्या. सुषमा तिकिटं फाडून झाली की तोल सावरायला तो दांडा धरायचीच, तर ती आता खुणांवर बोटं धरायला लागली. कुया ओठ मिटून डुम्, डुम्, डु-डुम्, आणि तिची बोटं दांड्यावर वरखाली. संध्याकाळी त्याच्या घरी खरा बेस गळ्यात.

एकदा दुकान बंद ठेवून मी मुद्दाम त्या गाडीनं गेलो. घाटात धुकं असं, की काचेबाहेर काहीच नव्हतं. ना दरी, ना रस्ता, नुसतं पांढरं. ड्रायव्हर हॉर्न देत देत वळणं घेत होता. आत दिवे पिवळट. कुया डोळे मिटून डुम्डुम् करत होता, सुषमा दांड्याशी उभी, आणि मागच्या सीटवरची एक भाजीवाली मांडीवर बोटांनी तोच ठोका धरून पेंगत होती. मला एकदम वाटलं, ही गाडी नाहीच, आपण कुठंतरी पाण्याखाली आहोत आणि पलीकडे समुद्र आहे. मग गाडीनं वळण घेतलं आणि माझं डोकं खिडकीच्या गजावर आपटलं.

त्याच दिवशी त्यांचं वाजलंही. दुसऱ्या अंतऱ्यापाशी कुया थांबला, सुषमा थांबली नाही.

"हितं थांबायचं गो."

"कशाला?"

"थांबायचं म्हंजे थांबायचं. तितं खड्डा हाय."

"कुया, माजा हात तिथं थांबत नाय. ओढूनताणून थांबवला तर पुढचं चुकतं." आणि घंटी मारून ती उतरणाऱ्यांकडं गेली.

कुया परतीच्या वाटेवर पुढची सीट सोडून मागं जाऊन बसला. दोन दिवस गाडीला गेला नाही. मला वाटलं, बारगळलं सगळं. तिसऱ्या दिवशी दुकानावर आला, स्टुलावर बसला. "तिकडं हाय ना तो खड्डा, फिलिपिनला. बास झाला. आपल्याकडं पोरीनं भरला म्हनायचा." आणि छत्री उचलून स्टँडकडं चालायला लागला.

हात बदलायचा दिवस ठरला तुडीलच्या हळदीला. सावित्रीच्या काठाला घर, अंगणात मांडव, उन्हं कललेली. सुषमानं रजा टाकली होती. वहिनीही आल्या होत्या, कधी न येणाऱ्या. आम्ही सगळे त्याच त्या वायरी पुन्हा पुन्हा तपासत होतो. राकेशसुद्धा. आम्हा प्रत्येकाच्या मनात एकच, की मध्येच काही अडलं, सूर तुटला, तर हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही.

बोटीचं गाणं सुरू झालं. बायका हळदीनं माखलेल्या हातांनी सावकाश डुलत होत्या, ह्या गाण्यावर आमच्याकडं कुणी उड्या मारत नाही. पहिला अंतरा झाला. कुयानं मान हलवली. सुषमा मागून आली, आधी गिटारची मान डाव्या हातात घेतली. काही क्षण असे गेले, की तारा ती दाबत होती आणि छेडत कुया होता. एकाच बेसवर दोघं. आणि काय सांगू, झटक्यानंतर पहिल्यांदा बेस पुरा वाजत होता. मी बेंजो वाजवता वाजवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो, आणि मला वाटलं, आता हा सोडणारच नाही. असाच उभा राहील. मग त्यानं मान खाली घालून पट्ट्यातनं डोकं काढलं, पट्टा तिच्या गळ्यात घातला, आणि उजवा हात उचलला. एकही ठोका गेला नाही.

कुया रिकाम्या हातांनी तिथंच उभा राहिला. पांडूला, मला, सगळ्यांना रीत सांगणारा माणूस, आणि त्याचेच पाय हलेनात. सुषमानं वाजवता वाजवता मानेनं मांडव दाखवला.

"जावा कुया. जेवा."

तो गेला. मांडवाच्या अगदी टोकाला, एका म्हातारीशेजारच्या खुर्चीवर बसला. कुणीतरी त्याच्या हातात ताट दिलं. दुसरा अंतरा आला आणि सुषमाचा हात कुठं न थांबता पुढं गेला. गाण्यामागून गाणी झाली. मला लांबून एवढंच दिसत होतं, की तो जेवत नाहीये.

नवरीला आंघोळीला आत नेलं तेव्हा आम्हाला उसंत मिळाली. मी धावतच त्याच्याकडं गेलो. ताटातला भात तसाच. कुया रडत होता, चांगला गालावरून पाणी वाहेपर्यंत, आणि पुसायचंही भान नव्हतं. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "ह्ये नवरीचे कोन रे? मगापासून रडतायत बिचारे. पोरगी लांब देताव काय?"

"कुया," मी म्हटलं. "काय होतंय? हात दुखतोय का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळे लाल, पण चेहरा असा, जसा मी तो कधीच पाहिला नव्हता.

"ऐकू येतो रे," तो म्हणाला.

"काय?"

"बेस. हितं बसल्यावर येतो ऐकू. खुर्ची हालते माजी." त्यानं खरोखर खुर्चीचा हात चाचपून बघितला. "एवडी वर्सं मी तुमच्या मदी उबा. तितं ढोलाच्या पुडं काय कळनार? मी कवा भायेर बसलोच नाय. ह्या सगल्यांना येत व्हता रे. त्यांना म्हाईत नवता तो बेस हाय म्हनून, पन नाचत व्हते ते त्याच्यावर. बघ त्यांचे पाय."

मी खाली बसलो आणि त्याचा डावा हात दोन्ही हातांत धरला. आतून नवरीला बाहेर आणायची गडबड ऐकू आली. राकेशनं मला लांबून हाक मारली.

कुयानं हात सोडवून घेतला, नाक पुसलं, ताट पुढं ओढलं आणि भाताचा घास कालवला.

"जा आता," तो म्हणाला. "आनि ऐक. तुजा बेंजो जाम मोटा हाय. मला तितं कदी कळला नाय. कमी ठेव, पोरीचा बेस दबतोय."

मी जाऊन बेंजोचा आवाज कमी केला.